एल्वियोच्या मशीनवरचा सोर्साल

"पुन्हा कोसळला का?" स्वयंपाकघरातून ग्रिसेल्दानं विचारलं.

"नाही." एल्वियोचा आवाज असा आला, की कुणाचं काही बरंवाईट झालं की काय असं वाटून ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "चालतोय."

"मग तोंड का पाडलंयस, जाड्या? आठवडाभर याच्याच नावानं रडत होतास ना?"

एल्वियो फोन्तानिनी नगरपालिकेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शनिवारी वस्तीतल्या वाचनालयात जमणाऱ्या काही जणांनी मिळून शाळेतल्या मुलांसाठी प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा केली आहे. तिचं नाव सोर्साल, आणि तिच्यातले सगळे शब्द स्पॅनिश. मुलांनी लिहिलेलं वाचून ते कामाला लावणारा तिचा इंटरप्रिटर बाकीची मंडळी लिनक्सवर तयार करतात. पण शाळांमधली मशीनं विंडोजची. तिथे तो सोर्स कोडपासून बांधून द्यायचं काम एल्वियोकडे. ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं तो मानतो, आणि ते अंगावर येऊ नये म्हणून बाकीचेही तसंच मानतात.

मागच्या आठवड्यात होर्हेलिनानं सोर्सालसाठी आपली पहिली मोठी दुरुस्ती पाठवली. होर्हेलिना औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. प्रोग्रामिंग तिचं ती शिकली. एल्वियोनं तिची दुरुस्ती घालून इंटरप्रिटर बांधला, चालवला. खिडकी उघडली आणि लगेच मिटली. त्यानं तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं, जिथे तालुक्यातले सगळे मास्तर आणि बाई आहेत: "होर्हेलिनाच्या दुरुस्तीनं सोर्साल कोसळतो. पोरी, पाठवण्याआधी चालवून बघत जा. हे काही खोकल्याचं औषध नाही, लागू पडलं नाही तर दुसरं द्यायला." पुष्कळ जण हसले. होर्हेलिनानं उत्तर दिलं, "बघते." मग रोज एक ओळ यायची: अजून सापडलं नाही, माफ करा. आणि काल आली ती शेवटची: "दुरुस्ती मागे घेते. उद्या येऊन निरोप घेईन. हे माझं काम नव्हे, हे मला कळलं."

आज मशीनमध्ये जागा उरली नाही म्हणून एल्वियोनं बांधकामाचं जुनं फोल्डर पुसून टाकलं आणि सगळं पहिल्यापासून बांधलं. दुरुस्ती तीच होती, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. आणि सोर्साल चालू लागला.

इंटरप्रिटर तुकड्यातुकड्यांनी बांधला जातो. एखादी फाइल बदलली की तिचा आधार घेणारे तुकडे नव्यानं करायचे, बाकीचे जुने राहू द्यायचे. कुठले नवे आणि कुठले जुने, हे बांधणारा प्रोग्राम ठरवतो, तेही कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुठल्या तुकड्यानं कुठली फाइल घेतली हे बोलतो, ते ऐकून. या बांधणाऱ्या प्रोग्रामच्या कानाला सवय इंग्रजीची. एल्वियोनं मात्र कंपायलर हट्टानं स्पॅनिश बसवला होता. "माझ्या घरात माझ्या भाषेत बोलायचं," असं तो म्हणायचा. 'अमुक फाइल घेतली, तमुक फाइल घेतली' अशा स्पॅनिश ओळी पडद्यावरून झरझर जायच्या आणि तो पाहुण्यांना बोलावून त्या दाखवायचा. त्या माणसांसाठी नव्हत्याच. ज्या प्रोग्रामसाठी होत्या त्याला त्या कळत नव्हत्या. म्हणून होर्हेलिनानं हात लावलेले तुकडे नवे झाले, त्यांचा आधार घेणारे जुनेच राहिले, आणि दोघांची गाठ पडली की सगळं आडवं व्हायचं.

"म्हणजे पोरीची चूक नव्हती," ग्रिसेल्दा म्हणाली.

"नव्हती."

"मग तसं लिही."

एल्वियोनं फोन घेतला. बराच वेळ तो अंगठा पडद्यावर नुसता धरून बसला. मग लिहिलं, "आता चालतंय."

ग्रिसेल्दानं त्याच्या खांद्यावरून वाचलं. "एवढंच?"

"बाकीचं समोर सांगतो."

होर्हेलिनाचं उत्तर लगेच आलं: "पण मी तर काहीच बदललं नाही."

त्यानं फोन पालथा ठेवला. जेवायला बसला आणि दुसऱ्यांदा वाढूही दिलं नाही.

वाचनालयात 'माते' या कडवट चहाचा पेला हातोहात फिरत होता. होर्हेलिना दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, जॅकेट न काढता.

"दॉन एल्वियो, तुमच्या विंडोजला देव पावला म्हणे!" मंडळींपैकी दारियो म्हणाला.

एल्वियोनं बोलायला सुरुवात केली. कंपायलरच्या आवृत्त्या झाल्या, परक्या कंपन्यांची मुजोरी झाली, आपल्या भाषेवर होणारा अन्याय झाला. गणिताच्या निवृत्त शिक्षिका ओफेलिया बाईंनी पेला खाली ठेवला. "एल्वियो, उत्तर आधी सांग. रीत मग बघू."

"चूक तिची नव्हती."

"कधीपासून?" होर्हेलिनानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"दुकान बंद झालं की मी एकेक ओळ बघत होते. बरोबर असलेल्या ओळीसुद्धा मोडून बघितल्या. वाटलं, सगळ्यांना दिसते ती चूक मलाच दिसत नाही, म्हणजे आपली तेवढी अक्कलच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर एल्वियोला बरं वाटलं असतं.

"माफ कर, पोरी."

"मला आता कळलंय. मला नका सांगू. जिथे लिहिलं होतं तिथे लिहा."

"घरी गेलो की..."

"आत्ता."

त्यानं टेबलावर लॅपटॉप उघडला. ती उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. नेहमी धडाधड टाइप करणारा एल्वियो एका बोटानं लिहू लागला: 'होर्हेलिनाची दुरुस्ती पहिल्यापासून बरोबर होती. बिघाड बहुधा माझ्या मशीनचा होता.'

"बहुधा?" ती म्हणाली.

त्यानं 'बहुधा' पुसलं. उरलेलं पुन्हा वाचलं. मानेपर्यंत लाल झाला. मग तिनं काही म्हणायच्या आत त्यानं ते दुसरं वाक्यच पुसलं आणि लिहिलं: 'चूक माझी होती. न तपासता तिला सगळ्यांसमोर बोललो.'

तिनं वाचलं. "पाठवा."

टेबलाभोवतीचे फोन एकापाठोपाठ एक थरथरले. कुणीच आपल्या फोनकडे पाहिलं नाही.