गच्चीवरची टाकी

पानावरच्या केसाला टोकाशी चार फाटे फुटले होते, आणि ते पुढे जाऊन पुन्हा एकमेकांना मिळाले होते. ऋजुताने सुईने ते पान बाजूला सारून भिंगाखाली दुसरं घेतलं. तिथेही तेच. इवलासा पिंजरा.

पाण्यावर तरंगणाऱ्या या नेच्याच्या निरुपद्रवी जातीत ही टोकं सुटी राहतात. एरवी दोन्ही जाती दिसायला सारख्याच. टोकं अशी जुळलेली असली, की ती झालर: अख्खा तलाव झाकून खालचं सगळं मारणारी. पानं कोवळी आहेत, केस मोडलेले असतील, कोणती जात ते अजून सांगता येत नाही, असं ती पावसाळाभर सासऱ्यांना सांगत आली होती. सासूबाई गेल्यानंतर नाना बोलायचे ते या टाकीबद्दलच.

सिमेंटच्या टाकीत पाणी कुठे दिसतच नव्हतं. मागच्या आठवड्यात तिने घमेली भरभरून उपसा केला होता. ती जागा भरून आली होती. तिने हिरवा थर हाताने दूर केला. खाली काळोख होता आणि कुजका वास. मासे दिसले नाहीत.

"कमाल आहे ना, बेटा?" नाना चहा घेऊन वर आले. "आणि खत तर मी चिमूटभर नाही घातलं."

"नाना, ही तुम्ही कुणाला दिली नाहीत ना?"

"दिली ना. गुरुवारी बादलीभर लक्ष्मीच्या तलावात सोडून आलो. पाणी साफ राहील म्हटलं. एकदम खूश झाली ती."

लक्ष्मी गावाबाहेरचा तलाव ठेक्याने घेऊन शिंगाडे लावायची. घर त्याच्यावरच चालायचं. वेली आता कुठे पाण्यावर पसरू लागल्या असतील. हा थर त्यांच्यावर चढला, की खाली काही उरणार नव्हतं.

ऋजुताने बोटाला चिकटलेलं पान ओढणीला पुसलं.

तिच्या चेहऱ्याकडे बघून नानांनी कप कठड्यावर ठेवला.

"तू रोज भिंगातून बघत होतीस ना? वाईट काही बोलली नाहीस, तर मी समजलो, सगळं ठीक आहे."

खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"अजून काठालाच असेल," ती म्हणाली. "जाळी लावून काढता येईल. पण आजच."

"तर तू आणि प्रणव, दोघं नवरा-बायको जा, चुपचाप काढून आणा." नानांचा आवाज उतरला. "कुठून आली, कोण विचारतंय? नाल्यातून पण येते. आपलं नाव कशाला मध्ये?"

"एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरेल. तिला माहीत असायला हवं, रोज बघावं लागेल."

तिने फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

"काय सांगणार तिला?"

"ही झालर आहे, आणि ती आपल्या घरातून गेली आहे."