अकरा केंद्रं आणि एक जुनी मोटरसायकल

ते १९७३ साल होतं. मी बावीस वर्षांची होते आणि इतकी सडपातळ की बाबा मला टाचणी म्हणत. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आमची पुढची खोली म्हणजेच कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर उघडून ठेवलेली दोन-तीन मशीनं आणि सगळ्या घराला तेलाचा वास. चौदाव्या वर्षापासून मी त्या टेबलाशी बाबांच्या शेजारी बसत आले होते.

डोंगराच्या पट्ट्यात शिवणाची अकरा केंद्रं होती. बायका तिथे इस्पितळांच्या चादरी नि गणवेश शिवत. त्या केंद्रांची मशीनं चालू ठेवणं हे बाबांचं काम. बसने जायचे, बसने यायचे. त्या वर्षी बसच्या पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "यापुढे प्रवास विसरा."

आठच दिवसांत केंद्रांच्या मुख्य अधिकारी घरी आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. खुर्चीच्या कडेला बसून त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण मोठ्या ऑर्डरी आल्यात. मशीन बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू झालंच पाहिजे. शहरातला एक व्हॅनवाला तयार आहे."

"मी जाईन," मी म्हणाले.

"बसने? दिवसाला दोन बस आहेत, त्यातली एक येतच नाही."

"कशाने ते मी बघते."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तयारीला तीन आठवडे घे. मग एक महिना देते. एकदा जरी चुकलीस तर काम व्हॅनवाल्याला."

ती अकरा केंद्रं गेली असती तर पुढच्या खोलीत टेबल उरलं असतं, काम उरलं नसतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त जमीन-मोजणीदार राहायचे. त्यांची अकरा वर्षं जुनी मोटरसायकल पडवीत पडून होती. त्यांच्या बायकोला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, आणि शिलाई मशीन मात्र हवं होतं. माझं स्वतःचं, अगदी कोरं करकरीत मशीन मी त्यांच्याकडे नेलं आणि गाडी ढकलत घरी आणली. निघताना मोजणीदार आपल्या दारापर्यंत पोचवायला आले. त्यांचे डोळे भरले होते. बायको आतून ओरडली, "अहो, रडू नका, दोरा ओवून द्या!"

काकू आमच्याकडेच राहायची. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "पडलीस तर रडत माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येणार."

"आणि आलीसच, तर आयोडीन वरच्या फळीवर आहे."

गाडी शिकवली मोजणीदारांनी, शाळेच्या मोकळ्या मैदानावर. बाबांची जुनी विजार मापात आणून मी घातली होती. पहिल्या दिवशी चार वेळा पडले, दुसऱ्या दिवशी दोनदा. परवाना मिळेपर्यंत गिअर बदलताना तोंडाने मोठ्याने "एक, दोन" म्हणायची सवय लागली होती, ती पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

महिना सुरू व्हायच्या आदल्या रविवारी बाबा नि मी गाडीची सेवा करायला बसलो. बाबा खुर्चीत, मी जमिनीवर. बाबांचा आयुष्यभराचा नियम एकच होता: भोक दिसलं की थेंब. शिलाई मशीनच्या अंगावर तेलासाठीच भोकं असतात. त्यामुळे आम्ही दोघांनी कसली म्हणून कसर ठेवली नाही. साखळीला तेल, तारांना तेल. मागच्या ब्रेकच्या दांडीपाशी एक भोक दिसलं, तिथे थेंब. थेंब लगेच आत गेला, म्हणून अजून दहा. इंजिनाच्या बाजूचं एक झाकण काढून किक मारली, तर आत दोन इवलेसे धातूचे ठिपके एकमेकांवर टकटक आपटत होते. "बिचारे कोरडे पडलेत," बाबा म्हणाले. त्यांनाही पाजलं.

सोमवारी पहिली तक्रार आली. मी ऐटीत निघाले. दोन मैलांवर गाडी खोकायला लागली. वाटेत उतार लागला तशी मी मागचा ब्रेक दाबला, तर पाय लोण्यात गेल्यासारखा वाटला. पुढचा ब्रेक दाबायचं भान राहिलं नाही. मी सरळ एका सुताराच्या भुशाच्या ढिगात घुसले. लागलं नाही, पण सुतार, त्याचं गिऱ्हाईक आणि त्यांचं कुत्रं असे तिघंही हसत होते असं मला वाटलं.

तिथून गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाल्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला.

"हिला तळली कुणी?"

"आम्ही फक्त तेल दिलं."

"कुठे?"

"सगळीकडे."

उस्ताद खाली बसले आणि पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "पोरी, हे दोन ठिपके म्हणजे पॉइंट. यांच्यातून ठिणगीची वीज निघते. तेल लागलं की वीज मेली. आणि ब्रेक पकडतो तो घासून. त्याला तू तेल पाजलंस, मग तो कशाला पकडेल? काही ठिकाणी कोरडं असणं हेच काम असतं."

पहिलाच दिवस, आणि मशीन उद्या संध्याकाळपर्यंत चालू व्हायला हवं होतं. "आज दुरुस्त कराल?"

"मी नाही करणार. तू करशील. मी सांगतो. नाहीतर दर सोमवारी मला तळलेली गाडी बघावी लागेल."

ब्रेकची पट्टी बदलायला दुपार गेली. पॉइंट पुसून त्यांच्यामधलं अंतर बसवायचं होतं. उस्ताद मोजायची पत्ती शोधत होते, तेवढ्यात मी डोळ्यानेच अंतर लावलं. त्यांनी पत्ती घालून पाहिली. पत्ती हलकेच अडली आणि सरकली, जशी सरकायला हवी तशी.

"हे कुठे शिकलीस?"

"मशीनच्या सुई आणि शटलमध्ये याहून कमी फट असते."

उस्तादांनी पत्ती परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी ते पहिलं मशीन चालू केलं. तीन तास आधी!

मग रोज परत आल्यावर मी उस्तादांकडे अर्धा तास बसू लागले. प्लग काढून त्याच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखायची, साखळीचा ढिलेपणा दोन बोटांनी बघायचा. सुताराला माझी दया आली असावी, त्याने मागे बांधायला लाकडी पेटी करून दिली. आत मी लोकरीचा जाड नमदा शिवून बसवला, म्हणजे मशीनला हादरे बसू नयेत. मोजणीदारांनी मागच्या स्प्रिंगा जाड घालायला सांगितल्या. गाडी हळूहळू माझी होत होती.

एकच दुखणं होतं. अकरावं केंद्र डोंगरमाथ्यावर. मोकळी गाडी कशीबशी चढायची. पेटीत मशीन ठेवलं की तिसऱ्या वळणावर पहिल्या गिअरमध्येसुद्धा मान टाकायची. दोनदा मी तिथून मशीन उचलून चालत वर गेले. जेमतेम वेळेत.

एका संध्याकाळी मी उस्तादांना म्हणाले, "मागचं दातेरी चक्र मोठं लावलं तर?"

"हे कुणी डोक्यात घातलं?"

"मोटरच्या मशीनवर जाड कापड शिवायचं असलं की बाबा मोटरची चकती लहान लावतात. वेग कमी होतो, पण सुई जोरात घुसते. इथे पुढचं चक्र याहून लहान होत नाही, म्हणून मागचं मोठं."

"गाडी पळणार नाही मग."

"मला कुठे शर्यत लावायचीय?"

उस्तादांनी भंगारातून सहा दात जास्त असलेलं चक्र काढलं. भोकं जुळेनात, ती आम्ही नव्याने पाडली. साखळी आखूड पडली, तिला चार कड्या जोडल्या. काकू बघायला आली होती. ती म्हणाली, "लग्नातल्या सोन्याच्या साखळीलासुद्धा एवढ्या कड्या कुणी जोडल्या नसतील."

सत्ताविसाव्या दिवशी निरोप आला. डोंगरमाथ्यावरचं कॅनव्हास शिवायचं मशीन तडकलं होतं. सगळ्यांत जड मशीन तेच, तीस किलोचं. त्यावर इस्पितळाच्या स्ट्रेचरचं कापड शिवलं जायचं. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, बदली मशीन न्यायचं होतं. रात्री नऊपर्यंत बाबांनी खुर्चीत बसून बदली मशीनचा एकेक स्क्रू तपासला, आणि सकाळी ते मी, काकू आणि मोजणीदारांनी पेटीत ठेवलं. गाडी मागे बसली, जशी एखादी म्हातारी बसते.

"टाचणी," बाबा म्हणाले, "थांबू नकोस. चढावर थांबलीस तर ती परत उठणार नाही."

घाटाच्या पायथ्याशी क्लचची तार तुटली. पण उस्तादांच्या सांगण्यावरून मी जुन्या तारेच्या शेजारीच नवी तार आधीपासून घालून ठेवली होती. टोकं बदलायला दहा मिनिटं लागली.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज जड झाला. मी पुढे वाकले आणि गिअर खाली टाकला. "एक!" मी ओरडले. गाडी क्षणभर विचार केल्यासारखी झाली आणि चढू लागली. माणूस चालेल त्या वेगाने, पण एकदाही न थांबता. बकऱ्यांचा कळप मला मागे टाकून पुढे गेला, त्याचंसुद्धा मला काही वाटलं नाही.

केंद्राच्या अंगणात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी नवी व्हॅन आणि व्हॅनवाला. त्याला त्यांनीच बोलावलं होतं, मी नाही पोचले तर म्हणून.

"कॅनव्हासचं मशीन कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पेटीत."

व्हॅनवाला हसला. "त्या खटाऱ्यावर? तीस किलो?"

मी झाकण उघडलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. शिवणाऱ्या बायका बाहेर आल्या, चौघींनी मशीन उचलून आत नेलं. पट्टा चढवला, सुई नि शटल जुळवलं, दोरा ओवला. पावणेबाराला मोठ्या बाईंनी स्वतः स्ट्रेचरच्या कापडाचे चार पदर सुईखाली सरकवले. मशीन घुमलं आणि पांढऱ्या टाक्यांची सरळ रेघ पलीकडे निघाली. त्यांनी दोन्ही हातांनी शिवण ताणून पाहिली.

"दोन दिवस उरलेत महिन्याचे," मी म्हणाले.

"ते मला मोजता येतात," त्या म्हणाल्या. मग व्हॅनवाल्याकडे वळल्या. "तुम्हाला उगाच त्रास दिला."

अंगणात असा कल्ला झाला की विचारू नका. प्रत्येकीला गाडीवर बसायचं होतं. पेटी उतरवून मी एकेकीला मागे बसवून फाटकापर्यंत नेलं. सर्वांत शेवटी एक सत्तरीच्या आजीबाई बसल्या आणि फाटकापाशी म्हणाल्या, "थांबतेस कशाला? अजून पुढे घे."

बाबा आणखी अकरा वर्षं जगले. खुर्चीत बसून दुरुस्त्या करत राहिले आणि गाडीच्या बाबतीत पुन्हा कधी तेलाची बाटली हातात घेतली नाही. काकूने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मागे बसून डोंगरमाथा पाहिला आणि वाटभर मला हळू चालव म्हणून शिव्या दिल्या. मोजणीदारांच्या बायकोने त्या मशीनवर अर्ध्या गल्लीचे पडदे शिवले. उस्तादांचं गॅरेज पुढे त्यांच्या मुलीने चालवलं. व्हॅनवाल्याने शहरात फर्निचरचं दुकान काढलं आणि ते चांगलं चाललं. मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर माझ्याकडे गाडी शिकायला आल्या. तीन महिने आल्या, पण जमलं नाही. गिअर बदलताना त्या माझ्याशी वाद घालायच्या.

अकरा केंद्रांची एकोणीस झाली. मी आणखी चार मुली हाताखाली घेतल्या आणि प्रत्येकीला आधी गाडी उघडायला शिकवली, मग चालवायला. ती पहिली गाडी मी सव्वीस वर्षं वापरली. शेवटी त्या चौघींतल्या धाकटीने ती मागून नेली. तिच्या अंगणात ती अजून एका लाथेत सुरू होते.