यादीत नसलेलं नाव

चित्राने यादी तिसऱ्यांदा वाचली. दोनच नावं होती आणि त्यात तिचं नव्हतं.

तिने लिफाफा उलटा करून झटकला, आतून बोट फिरवून पाहिलं. दुसरा कागद नव्हता. कॉलेजचं रेकॉर्ड्स ऑफिस दर जानेवारीत ही यादी ऑनर सोसायटीच्या, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, सेक्रेटरीकडे पाठवत असे. मागच्या टर्ममध्ये ज्या सभासदांची सरासरी चारपैकी साडेतीनच्या खाली घसरली, त्यांची नावं त्यात असत. सेक्रेटरी स्वतः चित्राच होती. डिसेंबरात सासरे ड्राइव्हवेवर घसरून पडले, आणि कॅटलॉगिंगच्या पेपरचा अभ्यास तिने इमर्जन्सीतल्या खुर्चीवर बसून केला. सरासरी आली तीन पूर्णांक एक्केचाळीस. निकाल तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

संशय घेण्यात चित्राचा हात कुणी धरला नसता. नागपूरला अकरा वर्षं शाळेत गणित शिकवताना कुणी कुणाचं बघून लिहिलंय, हे तिला पेपरच्या वासावरून कळायचं. कॅनडात एडमंटनला आल्यावर त्या अकरा वर्षांना कुणी विचारलं नाही. सहा वर्षं ग्रोसरीच्या दुकानात कॅशवर उभी राहिली आणि बेचाळिसाव्या वर्षी इथे लायब्ररी टेक्निशियनच्या कोर्सला आली. ऑनर सोसायटीचं पत्र आलं तेव्हा ही काहीतरी फसवाफसवी असणार म्हणून तिने आधी फोन करून खात्री करून घेतली. पत्र खरं निघालं. त्या वर्षी ऑक्टोबरात विशी-बाविशीच्या पोरांच्या रांगेत हातात मेणबत्ती धरून तिने शपथ घेतली, कॉलरला सोसायटीची पिन लागली, आणि घरी येऊन ती बाथरूमचं दार लावून रडली. या देशात तिला हुशार म्हणणारा तो पहिला कागद होता.

सोसायटीचं वर्ष ठरलेलं असे. सप्टेंबरात नोंदणीचं टेबल मांडून बसायचं, ऑक्टोबरात नवे सभासद, नोव्हेंबरात गरजूंच्या फूड बँकेसाठी डबाबंद अन्न गोळा करायचं, जानेवारीत ही छाननी, मार्चात निवडणूक, एप्रिलात जेवण. इतिवृत्त लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे चित्रा दोन वर्षं बिनविरोध सेक्रेटरी होती. ती इतकं चोख लिहायची की कोण अकरा मिनिटं उशिरा आलं हेसुद्धा त्यात असे. मागच्या जानेवारीत मारिटेस नावाच्या एका फिलिपिनो मुलीचं नाव यादीत आलं होतं. एका दशांशाचाही फरक नसेल. ती मुलगी नर्सिंग होममध्ये नोकरी करून शिकत होती आणि एक टर्म चालवून घ्या म्हणत होती. चित्राने नियम वाचून दाखवला होता. गुण घसरले तर एक टर्म बाहेर, सुधारले की परत. मारिटेसने पिन काढून टेबलावर ठेवली आणि ती परत आलीच नाही.

आता सभा शुक्रवारी चार वाजता होती आणि आज सोमवार.

पहिला संशय गेला जयदीपवर. जयदीप सोसायटीचा अध्यक्ष, इथेच जन्मलेला गुजराती मुलगा, कायम घाईत. गणसंख्या पुरी नसताना त्याने घेतलेलं मतदान चित्राने इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं होतं, त्याचा राग त्याच्या मनात असणार. नाव मुद्दाम गाळायला लावून भर सभेत 'आणि मॅडम, तुमचं काय?' असं विचारून तो आपली शोभा करणार, असं तिच्या डोक्यात बसलं. मंगळवारी तो जिन्यात भेटला आणि नुसताच हसला. ते हसणं तिने दुपारभर तपासलं.

दुसरा संशय सल्लागार प्रोफेसर डॉनांवर. डॉना दयाळू होत्या आणि चित्राला दयेची भीती वाटे. एप्रिलात त्या सभासदांना शिफारसपत्रं देत, आणि डाउनटाउनच्या लायब्ररीतल्या जागेसाठी चित्राला ते पत्र हवं होतं. बिचारी या वयात शिकतेय, म्हणून नाव गाळलं असेल तर? चित्राला ते जयदीपच्या टोमण्याहून वाईट वाटलं.

बुधवारी तिने नवऱ्याला सांगितलं. शैलेंद्र सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"तुला कुणी विचारलं का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग गप्प बस ना. सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल. एक टर्म गेली की मार्क्स वर येतील, कुणाला कळणारही नाही. एप्रिलमध्ये लेटर मिळेल, जॉबला अप्लाय करशील. विषय संपला."

"आणि ती मारिटेस?"

"तिचं काय आता? वर्ष झालं त्याला."

ऊर्मी, त्यांची मुलगी, फ्रिज उघडून उभी होती. "मॉम, यू आर सो पॅरानॉइड," ती म्हणाली आणि दुधाचा डबा घेऊन बेसमेंटमध्ये गेली.

गुरुवारी सकाळी चित्रा रेकॉर्ड्स ऑफिसच्या काउंटरवर गेली. पलीकडे अरविंद काळमेघ बसले होते. मूळचे अकोल्याचे, पस्तीस वर्षं याच गावात, मंडळाच्या गणपतीत आरती सांगणारे. चित्राला कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. तिला पाहून ते उठले आणि कुणी ऐकत नाही ना ते बघून काउंटरच्या कडेला आले. एवढ्यावरच तिला निम्मं कळलं.

"काका, यादी कोण काढतं?"

"कॉम्प्युटर काढतो."

"मग कॉम्प्युटरने माझं नाव का नाही काढलं?"

अरविंद चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "कॉम्प्युटरने काढलं होतं. कॉम्प्युटरला काय कळते, सासरा पडला म्हणून? ते माणसाले कळते. मी एक ओळ उडवली, झालं."

"काका, तुम्ही असं करायला नको होतं."

"काहून? नऊ पॉइंटाचा फरक, वहिनी. कुणाचं काय घेतलं आपण? आपल्या माणसाला आपण नाही सांभाळायचं तर कुणी?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण चित्राने शाळेत शंभर वेळा ऐकवली होती, पण आपणच कधी बाब्या होऊ असं तिला वाटलं नव्हतं. मारिटेसलाही या काउंटरवर कुणी काका असता तर तिची पिन राहिली असती. हा विचार एकदा आला आणि मग हलेना.

"नवी यादी काढून द्या," ती म्हणाली. "माझ्या नावासकट."

अरविंदांचा चेहरा उतरला. "सुपरवायझरची सही झालीये त्याच्यावर. सही झालेली यादी बदलली की काहून बदलली ते लिहून द्यावं लागते. मागच्या वर्षी एका ट्रान्सस्क्रिप्टवरून मला एक वॉर्निंग लेटर आलंय. दुसरं आलं की काढूनच टाकतात. पेन्शनला चौदा महिने राहिले, वहिनी." ते थांबले. "तुम्हाला पटलं नाही तर सांगा त्यांना. मी काही तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही."

तेवढं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. चित्राला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीतलं जास्त काय होतं ते तिला ठरवता येईना. कार्यालयातून निघाल्यावर तिने सोसायटीच्या घटनेचं पुस्तक काढून सातवं कलम वाचलं. गुण घसरले तर एक टर्म बाहेर, हे तिला पाठच होतं. त्याखालची ओळ तिने कधी कुणाला वाचून दाखवली नव्हती. नोंदीत खोटेपणा केल्यास नाव कायमचं कमी. मग तिने सभेसाठी तीच दोन नावांची यादी टाइप केली आणि रिवाजाप्रमाणे मूळ कागद चिंध्या करणाऱ्या श्रेडरमध्ये घातला.

शुक्रवारी चारला सात सभासद आले. गणसंख्या पुरी होती. चित्राने ती दोनदा मोजली. विषय तिसरा, छाननी. तिने दोन नावं वाचली. ती दोघं आलीच नव्हती. मग ती म्हणाली, "आणि तिसरं नाव माझं आहे. तीन पूर्णांक एक्केचाळीस."

जयदीपने समोरचा कागद पाहिला. त्याच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. इतके दिवस या पोरावर उगाच संशय घेतला, हे चित्राला तेव्हा कळलं.

"पण इथे तुमचं नाव नाहीये," तो म्हणाला.

"ऑफिसची चूक असेल," डॉना म्हणाल्या. "मी आत्ता फोन करून त्यांच्याकडून कॉपी मागवते. चित्रा, तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. एकच टर्म तर आहे."

त्यांनी फोन उचलला. एवढंच घडू दिलं असतं तरी चित्रा प्रामाणिक ठरली असती. एक टर्म बाहेर बसून सप्टेंबरात परत आली असती, कदाचित कुणी टाळ्याही वाजवल्या असत्या. पत्र उशिरा का होईना, मिळालं असतं. पण ऑफिसात ती एक ओळ कुणी उडवली, हेही निघालं असतं.

"फोन नका करू," ती म्हणाली. "ऑफिसच्या यादीत माझं नाव होतं. टाइप करताना मी गाळलं."

डॉनांनी फोन खाली ठेवला.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आज का सांगितलंत?" जयदीपने विचारलं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"तेवढी दोनच नावं वाचून थांबता येईना," ती म्हणाली, आणि तेवढं खरं होतं.

डॉनांनी सातवं कलम काढलं. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला. मत घ्यायची गरजच नव्हती, कलमात तशी सोय नव्हती. मागे बसलेल्या एका मुलीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. चित्राने पिन काढून टेबलावर ठेवली. डॉना तिच्याकडे न बघता म्हणाल्या की शिफारसपत्राचं आता अवघड आहे, तिने समजून घ्यावं. चित्रा म्हणाली, समजतं.

सभा संपली. मुलं जॅकेटं चढवून पटापट निघाली. नेहमी तिच्याशी थांबून बोलणारीसुद्धा. जयदीप दारात घुटमळला. "आजचे मिनिट्स कोण लिहिणार?" त्याने डॉनांना विचारलं. डॉनांनी चित्राकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"मीच लिहिते," चित्रा म्हणाली. "आजची सभा सुरू झाली तेव्हा मी सेक्रेटरी होते."

ती खाली बसली. वेळ लिहिली, हजेरी लिहिली, चार मिनिटं उशिरा आलेल्याचं नाव लिहिलं. मग तिसऱ्या विषयाखाली लिहिलं, 'सेक्रेटरी चित्रा यांनी छाननीच्या यादीतून स्वतःचं नाव हेतुपुरस्सर वगळल्याचं मान्य केलं.' दोन वर्षांच्या इतिवृत्तात तेवढं एकच वाक्य खोटं होतं. तिने ते पुन्हा वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि खाली सही केली.