एक जूनच्या दोन चतुराबाई

एकशे सत्त्याऐंशी हा आकडा प्रभावतीला रविवारभर चावत होता. कपडे धुताना चावला, भाकरी थापताना चावला, दुपारी आडवी झाली तर उशाशी येऊन बसला. शनिवारी संध्याकाळी तिने रुग्णालयाच्या डेटाबेसमधून एकशे सत्त्याऐंशी माणसं पुसली होती. म्हणजे माणसं नव्हे, दुबार नोंदी. असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होती, आणि खऱ्या गोष्टीला इतकं बजावावं लागत नाही हेही तिला कळत होतं.

साल २००४. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या रुग्णालयात ती संगणकाचं सगळं पाहायची. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत सगळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी काढायला सात मिनिटं लागत, आणि निघाली की तिच्यात एकेक पेशंट दोनदा. शुक्रवारी तिने इंडेक्स, म्हणजे नोंदींची अनुक्रमणिका, बांधला तशी यादी तीन सेकंदांत यायला लागली. डॉक्टर धर्मराज कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडता घेणारे, पण तेही ‘व्वा’ म्हणाले. त्या एका ‘व्वा’ने घात केला. कौतुक झालं की माणूस चाचपून पाहायचं सोडून देतो.

शनिवारी ती दुबार नोंदींच्या मागे लागली. काउंटरवरचे लोक जुना नंबर शोधायचा कंटाळा करून आलेल्या पेशंटला नवाच नंबर देत, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायचा हुकूम, लिहिली: नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, ही पाचही जुळली तर माणूस एकच. जुना नंबर ठेवायचा, नव्या नंबरवरच्या तपासण्या त्याच्या नावे करायच्या, नवा पुसायचा. पाच गोष्टी जुळल्यावर आणखी काय हवं? तिने कमिट करून बदल पक्के केले आणि घरी गेली. रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपने जुन्या फाइलवर नवी फाइल चढवली, आणि पुसलेलं तिथूनही गेलं.

सोमवारी साडेआठला ती आली तेव्हा पंधरा दिवसांपूर्वी हसनाबादला झालेल्या तपासणी शिबिरातले पेशंट दाखल झाले होते. रविवारी एक जीप आली होती, सकाळी दुसरी. ऑपरेशन थिएटर सातलाच सुरू झालं होतं. काउंटरवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, हातात शिबिराचं कार्ड, आणि पलीकडे बेबीनंदा, काउंटरवरची मुलगी, वैतागून बोलत होती.

“आजी, किती वेळ सांगू? तुम्ही आत आहात. तुमचं ऑपरेशन चालू आहे.”

“अगं बाई, म्या हितं उभी हाये.”

“संगणकावर आत दाखवतंय.”

“मंग संगणकाला म्हणाव भायेर येऊन बघ. म्या आताच जीपमधून उतरून राह्यले.”

रांगेतले लोक हसले. प्रभावती हसली नाही. तिने कार्ड घेतलं. चतुराबाई साहेबराव लोखंडे, हसनाबाद. जन्म १-६-१९३६.

एक जून. अख्ख्या मराठवाड्यात निम्मी प्रजा एक जूनला जन्मते. पोर शाळेत घालायला आणलं की हेडमास्तर त्याच्याकडे एकदा बघायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. खुद्द प्रभावती दाखल्यावर एक जूनची आणि खरी भाऊबीजेची. शिबिरात नावं लिहायला बसत ते तातेराव गुरुजी तीस वर्षं हेडमास्तर होते. फॉर्म जन्मतारीख मागतो, म्हाताऱ्या वय सांगतात, गुरुजींचा हात सवयीने एक जूनवर जातो. हे सगळं तिला माहीत होतं. परक्या मुलखातून आलेल्याने ही चूक केली असती तर माफ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, तीही स्वतःच्याच मुलखातल्या.

“आजी, तुमच्या नावाची दुसरी कुणी आहे का गावात?”

म्हातारीचं तोंड वाकडं झालं. “हाये. भावकीतली. तिच्या नवऱ्याचं बी नाव तेच. तिचं नाव काढू नको.”

प्रभावती धावत सुटली. थिएटरच्या दाराशी उषाबाई सिस्टरने आडवा हात घातला. “आत जाता येत न्हाई, मॅडम. केस चालू हाये.”

“कोण आहे आत?”

“चतुराबाई लोखंडे. आता झालीच, भिंग बसवलं बघा.”

भिंगाचा नंबर प्रत्येक डोळ्याचा वेगळा. शिबिरात यंत्राने मोजलेला नंबर डेटाबेसमध्ये जायचा, आणि यादी शेवटचा मोजलेला उचलायची. एकीच्या नावावर आता दोघींचे नंबर होते. शेवटचा होता तो बाहेरच्या म्हातारीचा.

डॉक्टर बाहेर आले. तिने एका दमात सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून बादलीत टाकले, आणि तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

“अशा किती?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“मग माहीत होईपर्यंत मी कुणाला हात लावणार नाही.”

एकोणचाळीस माणसं डोळ्यांत थेंब घालून बाकांवर बसून राहिली. प्रभावतीने कपाटातून गुरुवारची सीडी काढली. महिन्यातून एकदा ती हाताने बॅकअप घेऊन ठेवायची. जुना डेटा वेगळ्या नावाने चढवायला चाळीस मिनिटं लागली. पडद्यावर टक्के सरकत होते, आणि ती उठत होती, बसत होती, पाणी पिऊन आल्यावर पुन्हा पाण्याला जात होती. अठ्ठावन्न टक्क्यांवर तर बराच वेळ अडकून राहिलं. तोवर सकाळच्या जीपबरोबर आलेले तातेराव गुरुजी आपलं रजिस्टर काखेत मारून आले.

“तारीख खोटी असते हे मला ठाऊक आहे, पोरी,” ते म्हणाले. “म्हणून मी समासात खूण लिहितो. ही बघ: ‘चतुरा, वेशीजवळची, उंच.’ आणि ही ‘चतुरा, पिठाच्या गिरणीमागची.’ तुमच्या फॉर्मात समासच नव्हता.”

पुसलेली एकेक नोंद समासातल्या खुणेशी ताडून पाहिली. दुपार झाली. एकशे सत्त्याऐंशीपैकी एकशे एकसष्ट खरोखरच दुबार निघाल्या. सव्वीस मात्र जिवंत, वेगळी माणसं होती. त्यातल्या सहा जणांच्या जोड्या त्या दिवशीच्या यादीत होत्या, पाच वाचल्या. बाहेरच्या, गिरणीमागच्या चतुराबाईला तिचं साडेसतराचं भिंग संध्याकाळी बरोबर बसलं. आतल्या, वेशीजवळच्या चतुराबाईला बावीसचं लागत होतं आणि तिच्याही डोळ्यात साडेसतराचंच गेलं होतं.

मंगळवारी पट्टी निघाली. वेशीजवळची चतुराबाई खाटेवर उठून बसली, खिडकीकडे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. “दिसून राह्यलं,” ती म्हणाली. “उजेड दिसून राह्यला, माणसं दिसून राह्यली. देव तुमचं भलं करो.” दोन वर्षं जिला धुकंच दिसत होतं तिला अस्पष्टही पुष्कळ होतं. याहून चांगलं दिसू शकतं हे तिला कुठून माहीत असणार?

डॉक्टरांनी प्रभावतीला बाजूला घेतलं. “जाड चष्मा दिला तरी भागेल. भिंग बदलायचं तर पुन्हा डोळा उघडावा लागेल, त्यात धोका असतोच. पण ते तिने ठरवायचं. सांगतो मी.”

“मी सांगते, सर.”

का म्हणाली तिला कळलं नाही. गप्प राहिली असती तर म्हातारी आशीर्वाद देत घरी गेली असती आणि जन्मभर देत राहिली असती. तेच तिला सोसवणार नव्हतं. ती खाटेशी बसली आणि सगळं सांगितलं, मी केलं, माझ्या हातून झालं, असं.

चतुराबाईने ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, “म्हंजी माझ्या डोळ्यात तिचा काच?”

“तिच्या नंबरचा.”

“त्या गिरणीमागचीचा?” म्हातारीने पांघरूण झटकून टाकलं. “बांधावरून भांडण झालं त्याला बारा वर्सं झाली, मी तिच्या सावलीला उभी राहात न्हाई. आन् तुमी दोघीची एक केली? आंधळी ठेवली असती तरी चाललं असतं. काढ म्हणाव त्याला, आताच.”

डॉक्टरांनी धोका समजावला, दोनदा. ती ऐकेना. डोळा जरा निवू दे म्हणून तीन दिवस थांबायचं ठरलं. “मातर एक,” तिने बजावलं. “कागदावर माझा इस्वास न्हाई. मी कोण हे सांगायला ती पोरगी दाराशी पायजे.”

ते तीन दिवस प्रभावतीला झोप नव्हती. शुक्रवारी सकाळी सातला ती थिएटरच्या दाराशी उभी राहिली. उषाबाईने चतुराबाईला हाताला धरून आणलं. यादीवर नाव होतं, नंबर होता, भिंग बावीसचं होतं. प्रभावतीने ते चार वेळा वाचलं होतं.

“हीच,” ती म्हणाली. “वेशीजवळची. हीच.”

चतुराबाई थांबली. मान पुढे काढून, डोळा बारीक करून तिच्याकडे बघत राहिली. दोन हातांवरचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता. तिने हात पुढे करून प्रभावतीचा गाल, कान, वेणी चाचपली.

“तूच का ती? चुकलेली?”

“हो, आजी. मीच.”

“मंग बराबर हाये,” चतुराबाई म्हणाली आणि आत गेली.