शेवटी सांगेल त्यालाच हाक

रेणुकादासला पोटदुखी होती, पण ती डॉक्टरला दाखवण्यातली नव्हती. लातूरच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो पंचशीलाच्या आधीपासून होता, आणि मालक हणमंतराव मात्र हाक तिलाच आधी मारत. उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. तिथं शाखा काढून एकाला प्रमुख करायचं, असं हणमंतराव बोलून बसले होते. रेणुकादासचं घर उदगीरला, आईवडील तिथं. ती जागा लोह्याहून आलेली ही पोरगी नेणार, या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता.

काम दुष्काळाचंच होतं. टँकरच्या खेपा गावागावाला वाटून देणारा प्रोग्रॅम. हणमंतरावांनी एकदा विचारलं, "कॉलबॅक कॉलबॅक म्हणता, ते हाय तरी काय?" रेणुकादासनं पुस्तकातलं इंग्रजी ऐकवलं, मालकांनी नुसती मान हलवली.

पंचशीला म्हणाली, "सर, टँकरची वाट बघत दिवसभर कोण उभं राहतंय? कोपऱ्यावरच्या साखराबाईला सांगून ठेवायचं, टँकर आला की हाक मारा, अन् आपण आपल्या कामाला लागायचं. इथं तसंच हाय. माउस दाबला, विंडो बंद केली, की कोणत्या फंक्शनला हाक मारायची ते टूलकिटला, म्हणजे विंडो अन् बटणं सांभाळणाऱ्या तयार प्रोग्रॅमला, आधीच सांगून ठेवायचं."

"वा! आता डोक्यात शिरलं!"

रेणुकादासच्या अंगाचा तिळपापड झाला. साखराबाई त्याच्या गल्लीतली! चहा पिताना त्यानंच तिची गंमत सांगितलेली. म्हातारी एकाचंच नाव ध्यानात ठेवते, शेवटी सांगेल त्यालाच हाक मारते, आधीचा बसतो घागर घेऊन. म्हातारी माझी अन् कौतुक हिचं!

पुढं उदगीरला साहेबलोकांना प्रोग्रॅम दाखवायचं ठरलं, आणि दाखवणार अर्थातच पंचशीला. रेणुकादासनं गुपचूप एक छोटं फंक्शन लिहिलं: विंडो बंद करताना पडद्यावर ठळक अक्षरांत 'रचना : रेणुकादास' यावं. विंडो बंद होण्याच्या इव्हेंटवर ते नोंदवलं, करून पाहिलं. नाव झळकलं, गडी खूश. पुढचं बघायची त्याला गरजच वाटली नाही. त्याच इव्हेंटवर पंचशीलाचं फंक्शन आधीच नोंदवलेलं होतं, भरलेल्या खेपा साठवून ठेवणारं. आणि ते टूलकिट म्हणजे दुसरी साखराबाईच. एका इव्हेंटला एकच नाव, तेही शेवटचं.

उदगीरच्या बैठकीत पंचशीलानं झरझर खेपा वाटल्या आणि विंडो बंद केली. नाव आलं. तिच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा उघडून बघते तर एकाही गावापुढं खेप नाही.

हणमंतरावांचा चेहरा उतरला. "काय केलंस हे, पंचशीला?"

ती रेणुकादासकडं बघत म्हणाली, "माझ्यामागून साखराबाईला कुणीतरी सांगून गेलंय, सर."

मालकांना ते कळलं नाही. रेणुकादासला बरोबर कळलं, पण तो गप्प बसला. घाबरला होता, आणि खोटं कशाला बोला, आतून त्याला गुदगुल्याही होत होत्या. आता हिला कोण देतंय उदगीर!

तेवढ्यात समोरचे म्हातारे अधिकारी व्यंकटराव बोलले, "त्या पोरीला कशाला बोलायलात? रचना रेणुकादासची म्हणून आत्ताच वाचलं की आम्ही. कोण हाय हा? पाणी कुठं गेलं ते त्यालाच इचारा!"

सगळ्या माना वळल्या. आता पळवाट नव्हती.

"मीच घातलं ते," तो पुटपुटला. "त्यानं हिचं फंक्शन बाजूला पडलं."

पंचशीला कीबोर्डकडं वळली. आता आपलं नाव पुसलं जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या जागी त्यानं तेच केलं असतं. तिनं त्याच्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली: आधी खेपा साठव, मग नाव दाखव. पुन्हा खेपा भरल्या, विंडो बंद केली, उघडली. खेपा जागच्या जागी होत्या. बंद करताना नावही आलं होतं.

"राहू दिलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू द्या की, दादा. तुमचंबी काम हाय त्यात."

परतताना हणमंतरावांनी गाडीतच सांगून टाकलं, जिल्हा होईल तेव्हा होईल, शाखा पंचशीला सांभाळेल. रेणुकादास बाहेरची करपलेली शेतं बघत बसला. तिनं नाव पुसलं असतं तर निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं. आता तिच्या त्या मोठ्या मनाचाही त्याला हेवाच वाटत होता.