पडद्यावरचं नाव

शेंगांच्या पातेल्यावरचं झाकण एकदा खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. मी वळून पाहिलं, तर स्वयंपाकाच्या टेबलावरचा पडदा उजळला होता. त्यावर माझं नाव यायला हवं होतं. आलं होतं माझ्या नवऱ्याचं, लुसेकेलोचं.

रुम्फी गावातल्या मुलींच्या शाळेतली संगणकखोली लुसेकेलोने आणि मी मिळून उभी केली. दुसऱ्यांनी टाकून दिलेली यंत्रं आणायची आणि त्यांच्यातली डिस्क काढून टाकायची. उरलं ते नुसतं खोकं, पडदा आणि कळफलक. सगळ्यांचा मेंदू एकच, कोठीतल्या थोरल्या यंत्रात. त्यावरची लिनक्स प्रणाली फुकट मिळालेली. बाकी सगळी मेहनत आमची. खोलीला लागूनच आमचं घर. आमची लेक तेम्वा झोपली की मला काम करता यावं म्हणून त्यानेच खिडकीतून वायर आत ओढली होती.

गेल्या आठवड्यातल्या विजेने माझ्या खोक्याचं नेटवर्क कार्ड जळलं. कोपऱ्यातल्या त्याच्या यंत्राचं काढून मी इथे बसवलं. थोरलं यंत्र खोकी ओळखत नाही, कार्ड ओळखतं, हे विसरलेच. आणि त्याच्या कार्डाला पासवर्ड विचारायचाच नाही, असं त्याने करून ठेवलं होतं.

तो जाण्याआधी जसं सोडून उठला होता, तसंच सगळं उघडलं. थोरलं यंत्र तेव्हापासून कोणी बंदच केलं नव्हतं. आत कोण कोण बसलंय ती यादी मी रोज सकाळी बघायची. त्यात सगळ्यात वर त्याचं नाव असायचं. मी त्याच्या खालून वाचायला लागायची. मातीनंतर रीतीप्रमाणे कपडे, सायकल, रेडिओ त्याच्या भावांनी वाटून नेले. हे तेवढं कोणाला नेता आलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन उमटला.

"काय लिहिलंय?" झोपेतून उठलेली तेम्वा माझ्या मांडीला बिलगली.

त्याने माझ्यासाठी रोजच्या जेवणाच्या वेळेला लावून ठेवलेली आठवण होती ती. मी वाचलं, "न्यागोंड्वे, हात धू. मी आलोच."

फळीवरून तिसरी ताटली काढून तेम्वाने टेबलावर ठेवली. मला ती उचलवेना.

दारात मुख्याध्यापिका कुमवेंडामॅडम उभ्या होत्या. "न्यागोंड्वे, तुझ्या खोक्यांना झोप लागलीय गं. पोरींनी कळ दाबली की अक्षर उमटेपर्यंत मक्याची न्सिमा शिजून होईल."

"बघते, मॅडम."

"महिनाभर बघतेच आहेस. कधी वायर म्हणतेस, कधी वीज. सोमवारी परीक्षा. बंद पडली तर शिक्षणाधिकारी त्या खोलीत शिलाई मशिनं बसवणार. मग तू काज-बटणं कर."

"कारण सापडलंय."

"मग काढ ना ते."

मी पडद्याकडे बोट केलं. आतलं त्याचं काम वाढत वाढत यंत्राची सगळी जागा खात होतं. ते बंद केलं तरच बाकीच्यांना श्वास मिळणार होता.

मॅडमनी नाव वाचलं. मग तिसऱ्या ताटलीकडे पाहिलं.

"माझ्या दिरांनी तर नवऱ्याची चप्पलसुद्धा सोडली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक पायात घालून, एक हातात धरून गेला धाकटा. मी तुला बंद कर म्हणणार नाही. पण ती संगणकखोलीही त्याचीच आहे गं."

त्या गेल्या. पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. मी चुलीचा जाळ कमी केला. मग यादी उघडली. त्याच्या नावावर आले, थांबले, पुन्हा आले. यंत्राने विचारलं, नक्की? मी कळ दाबली.

नाव गेलं. भिंतीपलीकडे थोरल्या यंत्राचा घरघरणारा पंखा हळूहळू मंदावला. तो आवाज घरात इतका मुरला होता, हे तो कमी झाल्यावर कळलं.

तेम्वाने पडद्याला नाक लावून पाहिलं.

"बाबा गेले आतून?"

"हो."

तिने पुढच्या दाराकडे पाहिलं, मग मागच्या. फ्रॉकला हात पुसले.

"मग कुठल्या दाराने येतायत?"