लॅबमहाराजांचा चुना

पुसेगावच्या शाळेपुढे लॅबमहाराजांची जीप थांबली की अर्धं गाव बोट पुढे करूनच धावायचं. हिंगोली जिल्हा नवानवा झाला होता आणि महाराज त्याहून नवे. अंगात डॉक्टरी कोट, गळ्यात रुद्राक्ष. बोटातलं थेंबभर रक्त बाटलीतल्या ‘औषधपाण्यात’ पडायचं आणि त्यात पिवळ्या कागदाच्या पट्ट्या बुडायच्या. प्रत्येक पट्टीवर एका पदार्थाचं नाव. जी लाल होईल, त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी.

“आदमी झूठ बोलंल, खून झूठ नहीं बोलता!” महाराज गरजले आणि किसनरावांनी हात जोडले. मागच्या खेपेला त्यांच्या लेकीच्या, साधनाच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तेव्हा दूध, ज्वारी, शेंगदाणे, तूरडाळ सगळं लाल निघालं होतं. तेव्हापासून सात वर्षांचं लेकरू साबुदाण्याच्या पेजेवर होतं. पोरीची गालफडं बसली, चालताना धाप लागायची. गांधी मात्र उठतच होत्या.

“अजून दुश्मन हायेत आत,” म्हणत महाराजांनी सुई उचलली. साधनानं घाबरून हात ओढून घेतला. महाराजांचं लक्ष गर्दीकडे, तोंडाचा पट्टा चालू. त्यांनी पट्ट्या बुडवल्यासुद्धा. भात लाल. साबुदाणाही लाल!

“आता हिनं खावं तरी काय?” किसनराव रडकुंडीला आले.

“बाबा,” साधना म्हणाली, “माझं रगत तर निघालंच न्हाई.”

शाळेच्या दारात उभ्या राठोडबाईंना हसू फुटलं. तांड्यावरून रोज शिकवायला येणाऱ्या या बाई. त्यांनी शाळेच्या खिचडीसाठी ठेवलेली हळद मागवली, ओली करून कागदाला फासली.

“किसनराव, तुमची चुन्याची डबी द्या बरं.”

तंबाखूचा चुना लागला आणि कागद लालबुंद झाला.

“कुंकू असंच करतात की न्हाई? बाटलीत चुन्याची निवळी. हळदीची पट्टी त्यात लाल होते, नुसत्या पिवळ्या रंगाची होत न्हाई.”

“म्हंजे यानं आमाला चुना लावला?”

“व्हय. आन् तुमी लावून घेतला.”

महाराज जीपमध्ये कधी चढले, कळलंच नाही. बाटली तेवढी राहिली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सुई हातातच घेतली नाही. आधी विचारलं, “गांधी कुठं गेल्यावर उठतात, बाळा?”

“बांधावर खेळल्यावर.”

बांधावर खाजकुयली माजली होती.

“अ‍ॅलर्जीसाठी रक्ताची खरी तपासणी असते,” डॉक्टर म्हणाले. “पण काय खाल्ल्यावर काय झालं, हे आधी विचारतो. नुसत्या रिपोर्टवर लेकराचं जेवण तोडत नसतात.”

त्या संध्याकाळी साधनानं दुधात भाकरी कुस्करून खाल्ली आणि आणखी मागितली. किसनराव तिच्या दंडाकडे बघत बसले होते. एकही गांध उठली नाही, तेव्हा ते तोंड फिरवून रडले.

लेकराच्या ताटातली भाकरी काढून घेण्याआधी एवढं तरी विचारा, बाबांनो: रक्त निघालं का? हे विचारायला सात वर्षांची पोरगीही पुरते.